गुलाबी रोगाची बुरशी आणि तिच्या नमुन्यांच्या नोंदी

ऐन पावसाळ्यात काजू, फणस, आंबा किंवा रबराच्या फांद्यांवर प्रथम कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसतात आणि पुढे सालीवर गुलाबी पापुद्रा चढतो. फांदीच्या बेचक्यात ओल टिकत असल्याने तेथे त्याची सुरुवात अधिक आढळते. साल तडकते, रसप्रवाह तुटतो आणि वरचा भाग वाळतो. हाच गुलाबी रोग. छत्री वा देठ नसलेली ही बुरशी लाकडाला सपाट चिकटून वाढते. अशा बुरश्यांना पापुद्री बुरश्या म्हणता येईल.

सिलोनमधील नमुन्यांवरून बर्कली आणि ब्रूम यांनी १८७३ मध्ये तिचे वर्णन ‘कॉर्टिसियम सॅल्मोनिकलर’ या नावाने केले. १८९८ मध्ये जॉर्ज मॅसी यांनी तिचीच नारिंगी पुटकुळ्यांची अवस्था निराळी बुरशी समजून ‘निकेटर डिक्रेटस’ म्हणून नोंदवली. पुढे १९७५ मध्ये ती ‘फॅनेरोकीटी’त आणि १९८५ मध्ये ‘एरिथ्रिसियम’ या प्रजातीत गेली. म्हणजे एकाच रोगाचे जुने नमुने चार नावांच्या पाकिटांत विखुरलेले असू शकतात. केवळ आजच्या नावाने शोध घेणाऱ्यास रोगाचा इतिहास अपुराच सापडेल.

नमुना घेताना पापुद्रा खरवडून चालत नाही. सालीसह लाकडाची चकती सुरीने काढावी लागते. ती सुकवून कागदी पाकिटात ठेवतात. पाकिटावर आश्रयी झाड, स्थळ, दिनांक, संग्राहक आणि नोंदणी क्रमांक लिहितात. रंग कालांतराने फिका पडतो, म्हणून ताजा रंग त्याच दिवशी टिपणे आवश्यक असते. बीजाणू मात्र वर्षानुवर्षांनी सौम्य अल्कलीत भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात.

देशातील बुरशी-नमुन्यांचा मोठा संग्रह बटलर यांनी १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सुरू केला. १९३४ च्या भूकंपानंतर ती संस्था दिल्लीस हलली व संग्रहही तेथे गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर यांच्या नावाचा बुरशीसंग्रह आहे.

नावांप्रमाणे स्थळेही बदलतात, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होते. पोनिकी लाकडाच्या खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मलच्या परिसरातून १९५५ मध्ये एखादा नमुना घेतला असता, तर चिठ्ठीवर ‘आदिलाबाद जिल्हा, हैदराबाद राज्य’ असे आले असते. १९५६ नंतर तेथे आंध्र प्रदेश, २०१४ नंतर तेलंगण. आणि ऑक्टोबर २०१६ पासून निर्मल हाच जिल्हा. गोव्यातही मोले पूर्वी सांगे तालुक्यात होते, आता धारबांदोड्यात आहे. संगणकीय नोंद करताना जुनी चिठ्ठी ‘सुधारून’ मूळ मजकूर पुसणे म्हणूनच घातक ठरते. मूळ शब्द जसेच्या तसे ठेवून आजचे नाव व अक्षांश-रेखांश शेजारच्या रकान्यात द्यावेत. तसे केल्यासच पन्नास वर्षांपूर्वी रोग कोणत्या डोंगरउतारावर आणि कोणत्या झाडावर होता, हे बागायतदारास सांगता येते.