सैनिक कुटुंबे आणि वाहन परवाना : बुलडाण्याबाहेर राहणाऱ्यांसाठी नियम

बुलडाणा जिल्ह्यातील चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आदी तालुक्यांतील अनेक तरुण सैन्यदलात आहेत. जवानाची बदली झाली की काही कुटुंबे त्याच्यासोबत लष्करी वसाहतीत राहावयास जातात, तर काही गावीच राहतात. अशा वेळी परवाना कोठून काढावा, मुदत संपल्यास गावी यावे लागते काय आणि लष्करी परवान्यावर घरची मोटारसायकल चालविता येते काय, हे प्रश्न वारंवार उपस्थित होतात. त्यांची उत्तरे मोटार वाहन कायदा, १९८८ व त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीत आहेत.

परवाना देशभर वैध

कलम १३ नुसार शिकाऊ अथवा पक्का परवाना संपूर्ण भारतात वैध असतो. बुलडाण्याच्या परिवहन कार्यालयाने दिलेल्या परवान्यावर जम्मूत किंवा जोधपुरातही वाहन चालविता येते. केवळ बदली झाली म्हणून नवा परवाना काढण्याची आवश्यकता नाही.

नव्याने परवाना काढणाऱ्यास पूर्वी आपल्या भागातील कार्यालयाकडेच अर्ज करावा लागत असे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार ज्या राज्यात सर्वसाधारणपणे राहतो, त्या राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यामुळे पुणे, देवळाली किंवा कामठी येथील लष्करी वसाहतीत राहणाऱ्या जवानाच्या पत्नीस परवान्यासाठी बुलडाण्यास येण्याचे कारण नाही. राज्याबाहेर राहणाऱ्या कुटुंबास तेथील वास्तव्याचा पुरावा देऊन त्या राज्यात अर्ज करता येतो.

लष्करी परवान्याची मर्यादा

सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. कलम १८ नुसार संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी दिलेला परवाना देशभर चालतो. मात्र तो केवळ केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातील, संरक्षणविषयक कामाच्या वाहनांपुरताच असतो. त्या परवान्यावर अन्य कोणतेही वाहन चालविता येत नाही, असे कायद्यात स्पष्ट नमूद आहे. सीमेवर अवजड ट्रक चालविणारा जवान सुटीवर येऊन भावाची मोटारसायकल चालवीत असेल आणि त्याच्याकडे नागरी परवाना नसेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालक ठरतो.

विनापरवाना वाहन चालविल्यास पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही दंडास पात्र ठरतो. विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग प्रकरणात दिलेल्या निकालानुसार, अपघातग्रस्तास दिलेली भरपाई विमा कंपनीला ठराविक परिस्थितीत वाहनमालकाकडून वसूल करता येते. सुटीतील एका अपघाताने कुटुंबाची शेती अथवा बचत संकटात येऊ शकते.

कायद्याने यावर मार्गही दिला आहे. कलम ९ नुसार ज्या वर्गाच्या वाहनाचा लष्करी परवाना जवानाकडे आहे किंवा पूर्वी होता, त्याच वर्गाच्या नागरी परवान्यासाठी त्यास चालन चाचणी द्यावी लागत नाही. मात्र ट्रकचा परवाना असला म्हणून मोटारसायकलीच्या चाचणीतून सूट मिळत नाही.

सुटीचे गणित

शिकाऊ परवाना मिळाल्यानंतर किमान ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही, आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते. जवानास वर्षाला ६० दिवसांची वार्षिक व ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. नैमित्तिक रजेत ही प्रक्रिया पूर्ण होणे कठीण आहे. वार्षिक रजा सलग मिळणार असेल, तर गावी पोहोचताच शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करणे श्रेयस्कर. पत्नीसाठी अर्ज करतानाही पुढील बदलीचा अंदाज घेऊन दोन्ही टप्पे एकाच ठिकाणी पूर्ण करावेत.

नूतनीकरण कोठेही

अमेरिकेत परवाना राज्याकडून मिळतो आणि अनेक राज्ये बाहेर तैनात असलेल्या सैनिकास, काही ठिकाणी त्याच्या पत्नीसही, मुदतवाढ देतात. आपल्या कायद्याच्या नूतनीकरणविषयक कलमात सैनिकांसाठी अशी वेगळी मुदत नाही. मात्र कलम १५ नुसार देशातील कोणताही परवाना अधिकारी नूतनीकरण करू शकतो. त्यासाठी मूळ कार्यालयातच जाण्याचे बंधन नाही.

मुदत संपण्यापूर्वी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात चाचणीविना नूतनीकरण होते. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावरही परवाना ३० दिवस प्रभावी राहत असे. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने रद्द झाली असून, मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून वाहन चालविणे बेकायदा ठरते. दुरुस्तीपूर्वीचे खासगी परवाने २० वर्षे किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत, यापैकी जे आधी येईल तोवर वैध असत. आता तिशीच्या आत काढलेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंतच चालतो. चाळिशी ओलांडलेल्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते.

मार्च २०२१ पासून आधारच्या आधारे शिकाऊ परवाना, नूतनीकरण, दुय्यम प्रत व पत्ताबदल या सेवा कार्यालयात न जाता मिळण्याची सोय झाली. यात पत्ता आधारवरूनच घेतला जात असल्याने तेथे गावचा पत्ता ठेवावा की तैनातीच्या ठिकाणचा, हे अर्जापूर्वीच ठरवावे. डिजिलॉकरमधील परवानाही तपासणीत ग्राह्य धरला जातो.

वाहनाचा नियम वेगळा

परवाना देशभर चालत असला, तरी वाहनाची नोंदणी तशी नाही. एमएच-२८ क्रमांकाचे वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. वारंवार बदली होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेची नोंदणी उपलब्ध असून, संरक्षण दलांतील कर्मचारी तीस पात्र आहेत. नवे वाहन घेणाऱ्या जवानाने विक्रेत्याकडे प्रथमच ही मागणी नोंदविल्यास पुढील बदलीच्या वेळी पुनर्नोंदणी टळते.