बोकड्याची कुळकथा

वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीन-तुरीच्या पसाऱ्यात वांग्याला जागा थोडीच मिळते. म्हणून तिथे बोकड्या हा रोग शिरला की जास्तच जिव्हारी लागतो. रोगट झाड वाळत नाही, उलट गच्च वाढते. पाने मेथीच्या पानाएवढी, मऊ, फिकट. देठ आखूड, पेरी जवळजवळ, बगलेबगलेतून नवे फुटवे. फूल आले तरी पाकळ्या हिरव्या पडतात आणि वांगे धरत नाही. कृषी पुस्तकांत याला पर्णगुच्छ म्हणतात.

भारतात या रोगाची शास्त्रीय नोंद थॉमस आणि कृष्णस्वामी यांनी 1939 साली केली. तो एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, हे त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच होते. पण जंतू काही हाती लागेना. मग बोकड्या विषाणूंच्या खात्यात गेला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे तिथेच राहिला.

उलगडा झाला जपानमध्ये, तोही तुतीच्या झाडावर. 1967 साली योजी दोई आणि सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खुरटलेल्या तुतीच्या रसवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्मजीव दिसले. टेट्रासायक्लिन दिल्यावर रोगाची लक्षणे ओसरली. विषाणू या औषधाला दाद देत नाही. म्हणजे हे जिवाणूंचेच काम होते. पेनिसिलिनचा मात्र उपयोग नाही, कारण त्याचा घाव पेशीभित्तिकेवर बसतो आणि इथे तीच नाही. दोनच वर्षांत वांग्याच्या बोकड्यातही असेच जीव सापडले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात.

त्यांची ने-आण करतो हिशिमोनस फायसिटिस हा तुडतुडा. रोगट झाडाचा रस शोषला की जिवाणू त्याच्या आतड्यातून शरीरात शिरतात, तिथे वाढतात आणि काही दिवसांनी लाळेत पोचतात. त्यानंतर तो तुडतुडा सहसा मरेपर्यंत रोग पसरवतो.

टेट्रासायक्लिनने रोग फक्त दबतो. औषध थांबले की परततो. बुरशीनाशकाचे पैसे तर पाण्यातच जातात. तेव्हा झाड हिरवेगार दिसते म्हणून त्याची गय करू नये. आधी तुडतुड्यांचा बंदोबस्त करावा, मग रोगट झाड मुळासकट उपटून नष्ट करावे. शंका असेल तर अशी एखादी फांदी रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. बांधावरचा धोतरा आणि अंगणातली सदाफुलीही तपासावी, कारण वांग्याचा हंगाम संपल्यावर हे जिवाणू अशा झाडांत तग धरू शकतात.