मुठीपासून इंजिनापर्यंत

गेल्या गणेशोत्सवात, आपले मंडळ ज्या शाळेचा हॉल भाड्याने घेते त्या शाळेच्या पार्किंगमध्ये, मी मोटरसायकलवरून पडता पडता वाचलो. मागे माझी ११ वर्षांची मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर मोदकांचा डबा होता. वेग ताशी १० मैलसुद्धा नसेल. वळताना मी मूठ सोडली, परत किंचित पिळली, आणि गाडीने असा काही आचका दिला की पाय टेकवून सावरेपर्यंत डबा डांबरावर आणि मोदक चारी दिशांना. मुलीला खरचटलेही नाही. पण घरी आल्यावर सौभाग्यवती फक्त एवढेच म्हणाली, "एक तर ती गाडी नीट कर, नाही तर विकून टाक."

वाचकहो, नियंत्रणशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठे आव्हान नाही. गाडी दोन सिलिंडरची, २०१२ सालची, फ्युएल इंजेक्शनची. हायवेवर लोण्यासारखी चालायची. पण हळू वेगात मूठ बंद करून पुन्हा उघडली की आधी क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम धक्का. हा आचका येतो कुठून, याचा शोध घेता घेता मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊन पोचलो. त्याचीच ही हकिगत.

सुरुवात मात्र सांगलीपासून करायला हवी. बाबांकडे बुलेट होती. तिने आचके दिले की आम्ही ती मिस्त्रीकाकांकडे न्यायचो. काकांचा क्रम ठरलेला असे: आधी तार, मग चेन, मग प्लग, आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. इंजिन चालू ठेवून ते हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. आवाज बदलला की तार ओढली जाते आहे असे समजायचे. मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, आणि चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा असेल तर उत्तम. सगळे तपासून झाल्यावर गरज पडलीच तर कार्बोरेटरमधली सुई बाहेर काढून तिची क्लिप एका खाचेने खाली सरकवायची. क्लिप खाली म्हणजे सुई वर, आणि सुई वर म्हणजे पेट्रोल जास्त. पाच मिनिटांचे काम.

त्या व्यवस्थेचे सौंदर्य मला तेव्हा कळले नव्हते. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली मोटरसायकल चालवली, आणि १८९३ मध्ये मायबाखने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला. पुढे कित्येक वर्षे ब्रिटिश गाड्यांच्या हँडलवर दोन छोट्या दांड्या असत, एक हवेची आणि एक थ्रॉटलची. मिश्रण जमवायचे काम चालवणाऱ्याच्या बोटांकडेच होते. मग सुईचा कार्बोरेटर रूढ झाला. ब्रिटनमध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन १९२७ मध्ये अमल ही कंपनी झाली आणि तिचे कार्बोरेटर जगभर गेले. यात मुठीची तार सरळ एका सरकत्या पट्टीला बांधलेली असते. पट्टी वर गेली की हवेची वाट मोठी होते, आणि तिलाच अडकवलेली निमुळती सुई वर जाऊन पेट्रोलची वाटही तितकीच मोठी करते. मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये तारेखेरीज कोणी नाही.

पहिला मध्यस्थ जपानी गाड्यांतून आला. १९६५ च्या होंडा सीबी ४५० या गाडीत हाताने फक्त एक झडप उघडायची. सुईची पट्टी इंजिनाच्या ओढीप्रमाणे, आपल्या चालीने वर जायची. तुम्ही घाईने मूठ पिळली तरी कार्बोरेटर म्हणायचा, "थांबा, जरा दमाने." हा मध्यस्थ शहाणा होता, आणि त्याने गाड्या मऊ केल्या.

दुसरा मध्यस्थ कायद्यातून आला, आणि त्याची गोष्ट आम्ही राहतो त्या लॉस एंजेलिसच्याच आकाशातली आहे. १९५० च्या सुमारास कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिले की इथला डोळे झोंबवणारा स्मॉग हा साधा धूर नव्हे. न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. १९७० चा 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' आला आणि १९७८ च्या मॉडेलांपासून मोटरसायकलच्या धुरावर देशभर मर्यादा आली. १९८० पासून एका किलोमीटरला ५ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि १२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, यापेक्षा जास्त नाही.

कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. पेट्रोल कमी करायचे. मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू कारखान्यातच पितळी बुचाने बंद करून टाकायचा. मग गाड्या थंडीत खोकू लागल्या, मूठ उघडताना अडखळू लागल्या. यावर लोकांनी काय केले असेल? ड्रिल घेतले, बूच काढले, स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पाठोपाठ नवे जेट आणि सुया असलेले किट बाजारात आले. आचके घालवण्यासाठी गाडीला बाहेरून जोड लावण्याचा धंदा तेव्हापासून फोफावला.

तिसरा मध्यस्थ म्हणजे संगणक. कावासाकीने १९८० मध्ये आपल्या १००० सीसीच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन दिले, बीएमडब्ल्यूने १९८३ मध्ये के १०० ला. मोटारींसाठी बॉशने १९७६ मध्ये आणलेला ऑक्सिजन सेन्सर १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह आला. हा सेन्सर एक्झॉस्टच्या नळीत बसून धूर हुंगतो आणि संगणकाला कळवतो. १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण असेल तरच कन्व्हर्टर तिन्ही प्रदूषकांवर नीट काम करतो, म्हणून संगणक मिश्रण त्याच आकड्याभोवती धरून ठेवतो. इंजिनाला जोर काढायला मात्र साधारण १२.५ ते १३ हेच प्रमाण आवडते. अमेरिकेत २००६ आणि २०१० मध्ये मर्यादा आणखी आवळल्या, मोठ्या गाड्यांना हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडे मिळून किलोमीटरला ०.८ ग्रॅमपर्यंत. त्याच सुमारास, २००६ च्या यामाहा आर ६ मध्ये, झडपेपर्यंत जाणारी तारही गेली आणि तिच्या जागी मोटर आली.

आता माझा आचका. मूठ पूर्ण बंद केली की संगणक पेट्रोल तोडतो. परत उघडली की पेट्रोल सुरू होते, पण आतल्या नळीच्या भिंती तोवर कोरड्या पडलेल्या असतात. कोरड्या कुंडीला घातलेले पहिले पाणी जसे माती पिते, तसे पहिले थोडे पेट्रोल त्या भिंतीच पितात. इंजिन क्षणभर उपाशी राहते, आणि मग एकदम पोटभर मिळते. तो धक्का ढिल्या चेनमधून चाकापर्यंत पोचतो. मिश्रण आधीच पातळ असल्यामुळे चुकीला वाव नसतो.

यावर बाजारात उपाय किती! एक पेटी इंजेक्टर आणि संगणक यांच्यामध्ये बसून पेट्रोलचा वेळ वाढवते. दुसरी ऑक्सिजन सेन्सरचा संदेश बदलते. तिसरी संगणकाला सांगते की बाहेर हवा आहे त्यापेक्षा २० अंश थंड आहे. थंड हवा दाट, म्हणून संगणक सुमारे ७ टक्के पेट्रोल वाढवतो. थोडक्यात, एका मध्यस्थाशी खोटे बोलायला दुसरा मध्यस्थ नेमायचा.

मी ही तिसरी पेटी घेतली. दहा मिनिटांत बसली आणि पहिल्या दिवशी गाडी खरोखर मऊ वाटली. मी विजयी मुद्रेने घरात शिरलो. दोन आठवड्यांत आचके परत हजर! कारण उघड होते. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल जास्त दिसले, संगणकाने हळूहळू ते कापून पूर्ववत केले. बाहेरून आलेला व्यत्यय फीडबॅक पुसून टाकतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. पैसे मोजताना मात्र ते आठवले नाही.

पुढची पायरी म्हणजे ऑक्सिजन सेन्सरलाच फसवणारी पेटी. ती मी मागवली, आणि खोका उघडताना लेबल वाचले: 'केवळ बंदिस्त मैदानावरील शर्यतीसाठी'. तेव्हा थोडे वाचन केले. १९९० च्या दुरुस्तीने धुराची यंत्रणा बिघडवणे कोणाही व्यक्तीला बेकायदा ठरवले, आणि तसे सुटे भाग विकणेही. २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने अशीच सुमारे ३,४०,००० ट्यूनर उपकरणे विकल्याच्या प्रकरणी सरकारशी तडजोड करून १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला आणि विक्री थांबवली. आमच्या राज्यात तर अशा जोडाला हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. माझ्या खोक्यावर तो नव्हता.

खरे सांगतो, कायद्याने मी थांबलो नसतो. एकट्या मोटरसायकलला कोण विचारतो? पण खोका टेबलावर होता आणि त्याच्या शेजारी माझ्या मुलीचा इनहेलर. तिला दमा आहे. उन्हाळ्यात ओझोनचा इशारा आला की शाळा तिला मैदानावर सोडत नाही. मागे बसलेल्या मुलीला धक्का बसू नये म्हणून मी तिच्याच हवेत न जळलेले पेट्रोल सोडायला निघालो होतो. हागेन-स्मित यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मांडलेले समीकरण माझ्या स्वयंपाकघरात पुरे झाले. मी खोका परत केला.

आणि मग मिस्त्रीकाकांचा क्रम आठवला. आधी तार. माझ्या मुठीला ७ मिलिमीटर ढिलाई होती. मॅन्युअल म्हणते २ ते ४. मग चेन. तीही नियमापेक्षा दीड बोट सैल. मग दोन सिलिंडरांची ओढ सारखी आहे का ते पाहिले. त्यासाठी मुलीने आणि मी एका फळीवर पारदर्शक नळी यू आकारात ठोकली, तिच्यात थोडे तेल भरले आणि दोन टोके दोन सिलिंडरांच्या थ्रॉटलला जोडली. गरम इंजिन सुरू करताच तेल एका बाजूला चढू लागले. एकच स्क्रू अगदी किंचित फिरवत गेलो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या तेव्हा इंजिनाचा आवाजच बदलला. "बाबा, आता ती गुरगुरत नाही," कन्या म्हणाली.

तीन चतुर्थांश आचका गेला. उरलेल्यासाठी एक जोड लावलाच, पण कोणाशी खोटे न बोलणारा. मुठीच्या आत तार गुंडाळणारी चकती गोल असते. तिच्याऐवजी अंडाकृती चकती बसवली की सुरुवातीला मूठ बरीच फिरते आणि झडप थोडीच उघडते. संगणक, सेन्सर, कन्व्हर्टर सगळे जागच्या जागी. फक्त माझ्या हाताला दमाने वागायला जागा मिळाली, जी १९६५ च्या कार्बोरेटरने आपण होऊन दिली होती.

बाबांना फोनवर ही सारी कथा सांगितली. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ चे नियम आले, तेव्हापासून नवी बुलेटसुद्धा फ्युएल इंजेक्शनची झाली. मिस्त्रीकाकांच्या मुलाच्या गॅरेजमध्ये आता सुईच्या खाचांऐवजी स्कॅनर आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे शेवटी तारच निघाली ना?"

असो. आपल्यापैकी कोणाची गाडी आचके देत असेल तर पेट्या मागवण्याआधी मला जरूर फोन करा. तेलाची ती फळी गॅरेजमध्ये टांगलेली आहे, आणि ती चालवायला मदतनीसही घरचीच आहे. या वर्षी मोदक मात्र मोटारीतून नेऊ.