मूकपट हरवले, पोस्टर उरले

१/५
१९२१ च्या जनगणनेत भारतात शंभरांपैकी जेमतेम सात माणसे साक्षर होती. अशा काळात मूकपटाची छापील जाहिरात बहुतेकांसाठी चित्रपटाइतकीच मुकी होती. हा पेच सोडवला कोल्हापूरच्या एका चित्रकाराने. 🧵

२/५
बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. चुलतबंधू आनंदरावांसोबत त्यांनी सिनेमाचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. तरीही बाबूरावांनी स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली.

३/५
चित्रपटाचे नेपथ्य रंगवणारा तोच हात जाहिरातीकडेही वळला. कथेतील प्रसंगच भित्तिपत्रकावर अवतरला. अक्षरओळख नसलेल्यालाही तो ‘वाचता’ येई. वाचणाऱ्यांसाठी १९२१-२२ च्या सुमारास छायाचित्रांसह माहितीपुस्तिका निघाल्या.

४/५
१९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या शिवकालीन मूकपटाचे पोस्टर हे उपलब्ध भारतीय चित्रपट-पोस्टरांतील सर्वांत जुने मानले जाते.

५/५
कंपनीचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. त्या काळची नायट्रेटची फीत चटकन पेट घेई, न जपल्यास कुजून जाई. ज्यासाठी एवढा खटाटोप झाला ते चित्रपट गेले. भिंतीवर चार दिवस टिकावा म्हणून छापलेला कागद मात्र इतिहासाचा साक्षीदार ठरला.