रानातला कंद आणि मालकीचा प्रश्न

मालकी म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण तो एका कंदाच्या निमित्ताने पाहणार आहोत. रानभाजीबद्दल आपण सहज म्हणतो, ‘ती काय, आपोआप उगवते.’ या ‘आपोआप’मध्ये किती तथ्य आहे, एवढंच आज तपासायचं.

कंदाचं नाव कॅमस. उत्तर अमेरिकेच्या वायव्येला, म्हणजे आजच्या आयडाहो, ओरेगन, वॉशिंग्टन या राज्यांत आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर, वसंतात ओल धरणाऱ्या कुरणांत तो उगवतो. फूल निळं, कंद लहानशा कांद्याएवढा. सप्टेंबर १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम डोंगर ओलांडून अर्धपोटी खाली उतरली, तेव्हा तिथल्या निमिपू लोकांनी त्यांना वाळवलेला मासा आणि कॅमस खाऊ घातला. पाहुण्यांनी पोटभर खाल्लं आणि आजारीही पडले! पुढच्या वर्षी जूनमध्ये लुईसने नोंद केली, की फुललेलं कुरण दुरून स्वच्छ पाण्याच्या तळ्यासारखं दिसतं.

त्याला तळं दिसलं. त्या कुरणामागचे कष्ट मात्र दिसले नाहीत.

हे कष्ट मुख्यतः बायकांचे. टोकदार काठीने जमीन उकरायची, मोठे कंद घ्यायचे, लहान परत मातीत सोडायचे. उकरल्याने जमीन भुसभुशीत होई आणि पुढचं पीक चांगलं येई. व्हँकुव्हर बेटावर ठरावीक काळाने कुरणं जाळत, म्हणजे झुडपं माजत नसत. तिथे कुटुंबाकुटुंबाच्या वाट्याच्या जागाही ठरलेल्या असत. कॅमससारखाच दिसणारा एक विषारी कंद असतो. त्याचं फूल पांढरट, म्हणून फुलं असतानाच तो ओळखून ठेवावा लागे. पुढे रांधणं. कॅमसमध्ये इन्युलिन असतं, ते आपल्याला नीट पचत नाही. म्हणून खड्ड्यात तापलेले दगड, वर पाला, कंद, पुन्हा पाला आणि माती. एकदोन दिवस असं शिजल्यावर इन्युलिनची साखर होते आणि कंद काळपट, गोड होतो. आता सांगा, यात ‘आपोआप’ काय आहे?

इथे आम्हांला जॉन लॉक आठवतो. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मांडलं, की माणूस निसर्गात स्वतःचे श्रम मिसळतो आणि त्यातून मालकी निर्माण होते. पण अमेरिकेची जमीन त्याला बव्हंशी पडीकच वाटली. नांगर, कुंपण म्हणजे श्रम. काठी आणि आग म्हणजे नव्हे. सिद्धान्तात खोट नव्हती असं क्षणभर मानू. तरी पाहणाऱ्याच्या नजरेत होती. लॉकचीच कसोटी लावली, तर ती कुरणं त्या बायकांची ठरतात.

या नजरेची किंमत काय? १८६८ च्या फोर्ट ब्रिजरच्या तहात बॅनॉक लोकांना राखीव जमिनीत कॅमस प्रेअरीचा भाग मिळायचा होता. कागदावर उमटलं ‘कान्सास प्रेअरी’! कान्सास कुठे, आयडाहो कुठे. चूक दुरुस्त झाली नाही. वसाहतवाल्यांची गुरं-डुकरं कुरणात शिरली, आणि डुकरं तर कंदच उकरून खाऊ लागली. राखीव वस्तीत शिधा अपुरा, त्यात हक्काचा कंदही गेला. १८७८ मध्ये युद्ध पेटलं आणि बॅनॉक हरले. इतिहासाच्या पुस्तकांत ते ‘बॅनॉक युद्ध’ म्हणून येतं. त्यामागचा कंद बहुधा तळटीपेत जातो.

निमिपू लोक आजही कॅमस काढतात, खड्ड्यात भाजतात. म्हणजे ज्ञान शिल्लक आहे, कुरणं फार थोडी उरली.

तेव्हा मंडळी, ‘जंगली’ हा शब्द वनस्पतीचं वर्णन करतो असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो आपल्या अज्ञानाचं वर्णन करत असतो. आपल्याकडे शेवळं बाजारात येतात, ती काकडं घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो. ही जोडी कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन, चुकून, शिकूनच जमवली ना? पुढच्या वेळी वाटा विकत घेताना विकणाऱ्या बाईला एवढं विचारा, की ही कुठली, आणि ती जागा अजून आहे का. उत्तर नीट ऐका. आज इथेच थांबू.