वजन उतरवायचे, तर धावावे किती आणि खावे काय?

सुरत-बारडोली रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जिथे छेदतो, तिथे कडोदरा वसले आहे. यंत्रमाग आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांचे हे गाव. सुरत परिसरात पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी मराठी कुटुंबांची वस्ती मोठी. त्यांतलेच एक माझ्या मामेभावाचे. गिरणीत पर्यवेक्षक, वय ४१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. गेल्या पावसाळ्यानंतर तो पहाटे धावू लागला. आठवड्यातून पाच दिवस, रोज चार किलोमीटर. तीन महिन्यांनी काटा जेमतेम एक किलो हलला आणि ‘धावून काही होत नाही’ असा त्याचा निष्कर्ष फोनवरून माझ्यापर्यंत पोहोचला.

निष्कर्ष चुकीचा होता. हिशेब मात्र करण्याजोगा होता. समतल रस्त्यावर धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी खर्ची पडते. म्हणजे त्याचा रोजचा खर्च सुमारे ३३६ आणि आठवड्याचा १,६८० किलोकॅलरी. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. आहार तसाच राहिला, तर एक किलो उतरायला साडेचार आठवडे लागणार. धावून परतताना तो चौकात लोचो खात असे. लोचोवर शेव, कांदा आणि वरून तेल. ते तेल दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम धरले, तरी एका ग्रॅमला नऊ या हिशेबाने २७० किलोकॅलरी झाल्या. डाळ, शेव आणि साखरेचा चहा अजून मोजलेलाच नाही. ‘सुरतचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

गोव्यातल्या वाचकाने यावर हसण्याचे कारण नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात, की मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आहे. मिरामारला पहाटे चालून आल्यावर पाव-भाजी आणि मिरची-भजी खाणाऱ्यांचा हिशेब कडोदऱ्याहून निराळा नाही. मद्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सात किलोकॅलरी असतात, हेही इकडे ध्यानात ठेवलेले बरे. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर अतिरिक्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे धोक्याचे.

मराठी माणसाने हा प्रश्न गेल्या दशकात जितका चर्चिला, तितका क्वचितच कुणी चर्चिला असेल. त्याचे श्रेय डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारातून त्यांनी आपली पद्धत बांधली : दिवसातून कडक भुकेच्या वेळी दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. दोन तासांनी थोडे थोडे खावे, असे सांगणाऱ्यांशी त्यांचा वाद महाराष्ट्रभर गाजला. आमच्या मते वादाचा जोर चुकीच्या जागी होता. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका गटाने ठरावीक आठ तासांतच मोजून खाल्ले, तर दुसऱ्याने वेळेचे बंधन न पाळता तेवढेच मोजून खाल्ले. वजन अनुक्रमे आठ आणि ६.३ किलोने उतरले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. दोन वेळच्या शिस्तीचा खरा लाभ असा, की मधले फरसाण, बिस्किटे आणि गोड चहा आपोआप सुटतात. ज्याला ते जमते, त्याच्यासाठी ही पद्धत सोयीची. मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नये. साखर एकाएकी खाली जाते, आणि त्यात धावणे म्हणजे जिवाशी खेळ.

वजनाबरोबर स्नायू झडू नयेत म्हणून प्रथिने हवीत. प्रौढांसाठी शिफारस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची, मामेभावाला सुमारे ७० ग्रॅम. खानदेशी घरात हे अवघड नाही. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, डाळ, ताक, अंडे. शेवभाजीची तर्री तेवढी आवरावी. गोव्यात शीत-कडीतले शीत निम्मे करून मासळीचा एक तुकडा वाढवला, तरी पुष्कळ साधते. मासळी तव्यावर तेलात पोहत नसेल, तर.

धावण्याबद्दल थोडेच. प्रत्येक पावलाला जमिनीचा प्रतिभार शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट येतो, म्हणून जड माणसाने आरंभ जलद चालण्यापासून करावा. मग दोन मिनिटे धाव, दोन मिनिटे चाल. धावताना तुटक का होईना, बोलता यावे इतकाच वेग. छातीत दडपण किंवा चक्कर आल्यास तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. रात्रपाळी संपवून तसेच पहाटे धावणे टाळावे, आधी झोप. आणि महामार्गाच्या कडेने, ट्रकांच्या रांगेशेजारी तर मुळीच नको.

मामेभाऊ आता शाळेच्या मैदानावर धावतो, लोचो रविवारी खातो. मागच्या आठवड्यात त्याने काट्याचे छायाचित्र पाठवले : ७९.५.