समई, चंद्र आणि एफ/०.७

परवा शनिवारी संध्याकाळी मी आजीच्या देवघरात दोन तास मांडी ठोकून बसलो होतो. भक्तिभाव उचंबळून आला म्हणून नव्हे (आजीचा तसा गोड गैरसमज झाला होता, मी तो लगेच दूर केला नाही), तर कॅमेऱ्याची टेस्ट घ्यायला!

झालंय असं, की आमचा पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला जातोय. दोन-तीन महिन्यांत रिकामा करायचाय. त्या वाड्यात एक बिनखिडकीचं देवघर आहे आणि रोज तिन्हीसांजेला आजी तिथे समई लावते, हात जोडते, पुटपुटत थोडी पुढेमागे डोलते. मी लहानपणापासून बघत आलोय ते. नव्या फ्लॅटमध्ये देव किचनच्या कोपऱ्यात जाणार, तेव्हा हे एकदा व्हिडिओत नीट पकडून ठेवायचं होतं. तेही ट्यूबलाइट न लावता. ट्यूबलाइट लावली की आमचं देवघर सरकारी ऑफिससारखं दिसतं.

मित्राचा कॅमेरा उसना आणला. त्यावर ५० एमएम एफ/१.८ लेन्स, म्हणजे फोटोवाल्यांच्या भाषेत 'फास्ट' लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि आत येणारा उजेड जास्त. आयएसओ ६४०० वर ठेवला, समईची एक वात लावली, आणि काय सांगू, चित्र झकास दिसलं! पण आजी नमस्काराला वाकली रे वाकली, की तिचा चेहरा धूसर आणि मागची भिंत लख्ख. ऑटोफोकस ज्योतीकडेच धावत होता, म्हणून हाताने फोकस करून पाहिला. वीस क्लिप्स घेतल्या, त्यातल्या सतरा बाद. उजेड कमी पडेल म्हणून घाबरलो होतो. उजेड पुरला, फसलो ते दुसरीकडेच.

रात्री चिडचिड घालवायला वाचत बसलो, तर कळलं की हाच घोळ पन्नास वर्षांपूर्वी एका बड्या माणसाने निस्तरलाय. स्टॅनली कुब्रिक आणि त्याचा १९७५ चा 'बॅरी लिंडन'.

हा सिनेमा थॅकरेच्या १८४४ च्या कादंबरीवर आहे आणि गोष्ट अठराव्या शतकातली. तेव्हा वीज नव्हती, रात्री घरात मेणबत्त्या जळायच्या. सिनेमात मात्र अशा दृश्यांत टेबलावर दोन मेणबत्त्या आणि कॅमेऱ्यामागे ढणढणते दिवे, असाच रिवाज होता. कुब्रिकला हे मान्य नव्हतं. मेणबत्तीच्या उजेडातलं दृश्य मेणबत्तीच्याच उजेडात घ्यायचं, असं त्याचं आणि कॅमेरामन जॉन अल्कॉटचं बोलणं नेपोलियनवरच्या सिनेमाची तयारी चालू होती तेव्हापासूनचं. तो सिनेमा बारगळला, आणि तेव्हा हवी तेवढी फास्ट लेन्सही मिळाली नव्हती.

मग ती मिळाली. जर्मनीच्या झाइस कंपनीने नासाच्या अपोलो कार्यक्रमासाठी ५० एमएम एफ/०.७ अशी एक लेन्स १९६६ मध्ये केली होती. एकूण नग फक्त दहा. सहा नासाने घेतले, एक झाइसने स्वतःकडे ठेवला आणि उरलेले तीन कुब्रिकने उचलले. आता आपलं आवडतं गणित. ५० ला ०.७ ने भागा, साधारण ७१ एमएम येतात. म्हणजे लेन्सचं तोंड तिच्या फोकल लेंथपेक्षा मोठं! माझ्या एफ/१.८ पेक्षा साडेसहा पट जास्त उजेड ती आत घेते.

पण लेन्स विकत घेणं हा सोपा भाग होता. ती स्थिर फोटोंसाठी केलेली, सिनेमाच्या कॅमेऱ्यावर बसणार कशी? तिची मागची काच फिल्मपासून जेमतेम ४ एमएमवर यायला हवी होती आणि सिनेमाच्या कॅमेऱ्यात नेमका तिथेच शटर फिरतो. हे काम आलं सिनेमा प्रॉडक्ट्स कॉर्पोरेशनच्या एड डिजुलिओकडे. त्याने सांगितलं, की यासाठी मिशेल बीएनसी कॅमेरा आतून इतका कापावा लागेल, की नंतर त्यावर दुसरी लेन्स बसणार नाही. कुब्रिक म्हणाला, कापा. (आपल्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरवर असं कोणी बोललं, तर मीटिंग लागेल.)

कॅमेरा तयार झाल्यावरच खऱ्या टेस्ट सुरू झाल्या. फिल्म होती १०० एएसएची, ती लॅबमध्ये एक स्टॉप ढकलून २०० सारखी वापरली. म्हणजे माझ्या ६४०० च्या मानाने बत्तीस पट मंद! तीन वातींच्या मेणबत्त्या वापरल्या. झुंबरांवर धातूचे परावर्तक लावले. ते मुख्यतः जुन्या वाड्यांची छतं उष्णतेने खराब होऊ नयेत म्हणून, पण त्यांनी उजेडही खाली फेकला. जुन्या मिशेलमध्ये लेन्समधून बघायची सोय नव्हती, म्हणून टेक्निकलरच्या जुन्या कॅमेऱ्याचा आरशांचा व्ह्यूफाइंडर जोडला. एवढ्याने उजेडाचा प्रश्न सुटला.

आणि तिथेच, माझ्यासारखाच, खरा प्रश्न सुरू झाला. लेन्स जितकी उघडी, तितकी फोकसची पट्टी अरुंद. हिशेब करून पाहिला: एफ/०.७ वर दोन मीटर लांब बसलेल्या माणसासाठी ही पट्टी सगळी मिळून साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते. डोळे स्पष्ट, तर कान गेले. लेन्सवर अंतराच्या खुणाही नव्हत्या. सुमारे २०० फुटांपासून ४ फुटांपर्यंत एकेक अंतर प्रत्यक्ष शूट करून, तपासून, खुणा हाताने करायला लागल्या. त्याला टेस्टिंग म्हणतात!

फोकस सांभाळणारा डग मिलसम. याने काय केलं, तर मुख्य कॅमेऱ्याच्या बरोबर काटकोनात एक साधा क्लोज्ड सर्किट व्हिडिओ कॅमेरा लावला. बाजूने बघितलं की नट पुढे झुकला की मागे, ते लगेच कळतं. त्या टीव्हीच्या पडद्यावर चौकटींची जाळी, नटांच्या जागा टेप लावून आखलेल्या, आणि मिलसम टीव्हीकडे बघून लेन्स फिरवतोय. १९७३-७४ च्या सुमाराला! मला हे वाचून उठून उभं राहावंसं वाटलं.

तरीही नटांना मोकळं हलता येत नव्हतंच. 'बॅरी लिंडन' पाहिला असेल तर ती पत्ते खेळणारी, ताठ, सावकाश मान वळवणारी माणसं आठवा. समीक्षक त्याला जुन्या पेंटिंगसारखी स्थिरता म्हणतात. असेलही, पण त्यातली काही स्थिरता साडेपाच सेंटिमीटरच्या धाकाने आलेली आहे, असं मला आता ठाम वाटतं. तंत्राची अडचण आणि कलेची शैली यांच्यातली रेघ तेवढीच अरुंद असावी.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. 'या सिनेमात एकही विजेचा दिवा वापरला नाही' असं ठोकून दिलं जातं. ते खरं नाही. दिवसाच्या कित्येक दृश्यांत खिडकीबाहेर दिवे लावले होते, हे खुद्द अल्कॉटने सांगितलंय. निव्वळ मेणबत्त्यांवर घेतली ती रात्रीची काही दृश्यं. अल्कॉटला त्या वर्षीचं छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते सगळं धरून.

असो. तर रविवारी मी मिलसम व्हायचं ठरवलं. बहिणीला मोबाइल घेऊन आजीच्या बाजूला, काटकोनात बसवलं. पाटाच्या कडेला खडूने रेघ मारली. आजीला म्हटलं, "आजी, या रेघेच्या पुढे वाकायचं नाही हं."

आजीने माझ्याकडे अशी काही नजर टाकली, की मी खडू खिशात टाकला. "अरे, देवापुढे वाकायचं नाही, तर कुणापुढे वाकू?"

मुद्दा बिनतोड होता. मग मी तिला खरी अडचण समजावली. की उजेड थोडा, म्हणून भिंग सताड उघडं, म्हणून तू हललीस की पुसट होतेस. ती शांतपणे म्हणाली, "मग पाचही वाती लाव की! रोज एकच लावते ती तेलाच्या काटकसरीने."

मी कपाळावर हात मारला. कुब्रिकच्या तीन वाती रात्री वाचल्या आणि समोरच्या समईच्या पाच वाती दिसल्या नाहीत! एकाच्या पाच वाती म्हणजे उजेड पाच पट. म्हणजे लेन्स एफ/१.८ वरून एफ/४ पर्यंत बंद करता येते. मी बसलो होतो एका मीटरवर; तिथे पट्टी चार सेंटिमीटरवरून जवळजवळ दहावर जाते. आजीचा चेहरा मावतो त्यात, थोडं डोलणंही मावतं.

शेवटची क्लिप चार मिनिटांची आहे. आजी पूर्ण वाकते तेव्हा दोन-तीन सेकंद पुसट होते, मग परत येते. ती दोन-तीन सेकंदं मी कापलेली नाहीत. रेघेच्या पलीकडे जायचा तिचा हक्क आहे.